लेकीला ‘फिल्टरचं’ शिकवावं का?

केज तालुक्यातून एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अंबाजोगाईला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. तिला मेम्ब्रेन तंत्रज्ञानात, म्हणजे पाणी किंवा वायू वेगळे करणाऱ्या पातळ पडद्यांच्या कामात, पुढे जायचंय. वडिलांचा प्रश्न: गावात वीस रुपयांत जार भरून देणारे चार आरओ प्लांट आहेत, त्यासाठी एमएस्सी कशाला? पाहुणेही म्हणतात, बीएड करा आणि मोकळे व्हा.

नमस्कार दादा,

जारवाला मेम्ब्रेन विकत आणून बसवतो. तुमच्या लेकीला ती घडवायचीय. आरओची मेम्ब्रेन म्हणजे चाळणी नव्हे. पाणी त्या पातळ थरात विरघळून पलीकडे निघतं आणि क्षार बहुतांशी अलीकडेच राहतात. १९६० च्या सुमारास लोब आणि सौरीराजन यांनी अमेरिकेत कामाची पहिली मेम्ब्रेन बनवली. त्यातले सौरीराजन आपल्या भारतातले. तेव्हापासूनची अडचण तीच आहे: थर सैल केला तर पाणी जास्त निघतं, पण क्षारही निसटायला लागतात. वर गाळ, शेवाळ बसून ती तुंबते ते वेगळंच.

२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय. आपल्याकडे मराठवाड्यात समुद्र नाही, त्यामुळे इथे खरं काम आहे वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्याचं. वाळूजच्या कारखान्यांत, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत सांडपाणी बाहेर न सोडता आतच फिरवायला आरओ लागते. मळीपासून इथेनॉल करताना नुसत्या उकळण्याने ते साधारण ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेलं पाणी काढायला आज बहुतेक ठिकाणी मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे सूक्ष्म छिद्रांचे खडे) वापरतात, मेम्ब्रेन हा दुसरा मार्ग. प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) कुजवून मिळणाऱ्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून गाडीत भरण्याजोगा मिथेन उरवायलाही मेम्ब्रेन चालते. पाण्यापासून हायड्रोजन काढायलाही मेम्ब्रेन वापरतात; त्याचं म्हणाल तर केंद्राच्या २०२३ च्या हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. लक्ष्य म्हणजे नोकरी नव्हे, त्या आकड्यावर भाळू नका.

आता नोकरीचं. बीएस्सीवर मिळेल ती ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) लॅबमधली शिफ्टची नोकरी, पगार बेताचा. मेम्ब्रेन बनवण्याचं काम पीएचडीनंतर. ती वाट लांब आहे, पण फुकट राबवणारी नाही: सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि भावनगरची केंद्रीय मीठ संशोधन संस्था, दोन्हीकडे या विषयावर जुनं काम आहे. म्हणून आत्ता ‘मेम्ब्रेन’ नावाचा कुठलाही महागडा सर्टिफिकेट कोर्स करू देऊ नका. आयआयटी-जॅम द्यावी (एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते), एमएस्सी भौतिक रसायन किंवा पॉलिमरमध्ये करावी. बीएड नंतरही करता येतं, पाहुण्यांना तसं सांगा.

त्याआधी एक करा. जवळच्या कारखान्यात ओळख असेल तर महिनाभर तिला ईटीपीवर पाठवा. वास, रसायनं, रात्रपाळी बघूनही तिला पुढेच जायचं असेल तर अडवू नका. तिथे रिजेक्टचं (आरओतून मागे उरलेलं क्षारयुक्त) पाणी कुठे जातं, हे तिने जरूर विचारावं. पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न तिला विचारतील.

धाकटा बारावीत आहे असं लिहिलंय. मुंबईच्या आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं) केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे, ते त्याच्यासाठी बघा. आणि मुलीला बारावीला गणित होतं का, ते कळवा. असेल तर केमिकल इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा पर्यायही बघता येईल.