डॉलरमध्ये भाव दाखवायचाय की डॉलरमध्ये पैसे घ्यायचेत, ते आधी ठरव

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. कोल्हापूरच्या सुभाषनगरात तुमचं घरचं कोल्हापुरी चपलांचं काम, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायची सोय) साइट, २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीनं शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि ते प्रकरण गाजलं तेव्हापासून दुबई-अमेरिकेतनं विचारणा वाढलीय, म्हणून तू करन्सी स्विचरचं, म्हणजे भाव दुसऱ्या चलनात दाखवणारं, प्लगिन टाकलंस. आणि आता गिऱ्हाईकं म्हणतात की चपलेच्या पानावर डॉलर दिसतात आणि पैसे भरायला गेलं की रुपये येतात. तू विचारतोयस प्लगिन बदलू का. माझं म्हणणं, इतक्यात बदलू नको, कारण हा प्लगिनचा दोष नसून सेटिंगचा असायची शक्यता जास्त आहे आणि सेटिंगच्याही आधी तुझा स्वतःचा एक निर्णय व्हायचा राहिलाय.

भाव डॉलरमध्ये दाखवणं हे एक काम आणि पैसे डॉलरमध्ये घेणं हे दुसरं काम. बरीच प्लगिनं सुरुवातीला फक्त पहिलं करतात, म्हणजे आकडा बदलून दाखवतात पण ऑर्डर मूळ चलनातच होते. फॉक्स नावाच्या प्लगिनमध्ये तर त्यासाठी ‘इज मल्टिपल अलाउड’ असा वेगळा पर्यायच आहे, तो बंद असेल तर चेकआउट, म्हणजे पैसे भरायची पायरी, रुपयातच होणार. तुझ्याकडं दुसरं काही असेल तरी असलंच एखादं बटण शोध. पण ते चालू करायच्या आधी तुझ्या पेमेंट गेटवेला (गिऱ्हाईकाच्या कार्डावरून पैसे घेऊन तुझ्या खात्यात टाकणारी कंपनी) आंतरराष्ट्रीय पेमेंट आणि ते चलन मंजूर आहे का बघ, नाहीतर गिऱ्हाईक शेवटच्या पायरीपर्यंत येणार आणि पेमेंट फेल होणार.

आता यातलं कुठलं घ्यायचं? बाहेरच्या ऑर्डरी तुरळक असतील तर पैसे रुपयातच घे आणि डॉलर फक्त अंदाजासाठी दाखव, पण ‘सुमारे’ हा शब्द आकड्याला चिकटूनच पाहिजे आणि चेकआउटवर रुपयाचा आकडा मोठा, डॉलरचा बारीक. खाली एक सरळ ओळ टाक की पैसे रुपयात कापले जातील आणि तुमची बँक तिच्या दरानं रूपांतर करेल, तिचं शुल्क वेगळं असू शकेल. ऑर्डरी नियमित यायला लागल्या की मात्र डॉलरमध्येच घे. दोन्ही चालतं. ‘पैसे भरा’ बटणाशेजारी एक आकडा आणि कार्डाच्या मेसेजमध्ये दुसरा, हे मात्र अजिबात चालत नाही. लांबच्या माणसानं तुमचं दुकान बघितलेलं नसतं, त्याच्याकडं विश्वास ठेवायला तो एकच आकडा असतो, तो चुकला की तो परत येत नाही आणि आपल्या गावच्या मालाबद्दलच त्याचं मत खराब होतं. मला याचं लय वाईट वाटतं म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

दर कुठून घ्यायचा. युरोपियन सेंट्रल बँक रोज कामाच्या दिवशी दर प्रसिद्ध करते, आपल्याकडं संध्याकाळी साडेसात-साडेआठच्या सुमाराला, शनिवार-रविवार नाही. ते दर फ्रँकफर्टर नावाच्या फुकट एपीआयकडून (तुझी साइट जिथून माहिती आपोआप मागवू शकते अशी सोय) मिळतात. त्या बँकेचे दर युरोच्या हिशोबात असतात, म्हणजे एक युरो ९९ रुपये आणि एक युरो १.१० डॉलर असेल तर ९९ भागिले १.१०, एक डॉलर ९० रुपये. (हे आकडे हिशोब सोपा जावा म्हणून धरलेत, खाली पण ९०च धरतो.) बँकेच्या त्या यादीत दिरहम नाही, पण दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, म्हणून डॉलरचा दर मिळाला की त्याला ३.६७२५नं भागायचं, साधारण साडेचोवीस रुपये येतात. दर दिवसातनं एकदा आणला तरी चपलांना पुरतो, दर मिनिटाला आणायची काही गरज नाही. आणलेला दर साठवून ठेव, पेज उघडेल तेव्हा दरवेळी एपीआयकडं पळू नको. आणि वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) साइटवर कुणी आलं तरच चालतं, तेव्हा होस्टिंगच्या पॅनेलमधून खरं क्रॉन लाव. एपीआय बंद पडली तर कालचा दर वापरायचा, तीन-चार दिवस नवा दर आलाच नाही तर परदेशी भाव लपवायचा, आणि नवा दर जुन्यापेक्षा एकदम ५ टक्क्यांनी वेगळा दिसला तर आपोआप लावायचा नाही, आधी तुला मेल यायला पाहिजे. नाहीतर एखाद्या रात्री शून्य दर येतो आणि सकाळी सगळी दुकानदारी फुकट.

पण डॉलरमध्ये पैसे घेणार असशील तर माझा आग्रह असा की दरावर भाव सोडूच नको. प्रत्येक चपलेला डॉलरचा भाव हातानं ठरव. बाजारात दिसतो तो दर आणि गेटवे तुझ्या खात्यात रुपये टाकताना लावतो तो दर, यात फरक असतो. २,४०० रुपयांची कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) ९०च्या दरानं २६.६७ डॉलर, गेटवेनं ८८नं रुपये दिले तर तुला २,३४७ मिळाले, म्हणजे ५३ रुपये गेले, आणि वर परदेशी कार्डाचं शुल्क, जे देशी कार्डापेक्षा जास्तच असतं, ते वेगळं. हे सगळं धरून २९ डॉलर असा गोल आकडा लाव, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तपास, झालं. गिऱ्हाईकाला पण बरं वाटतं, सोमवारी २६.६७ आणि बुधवारी २६.९१ असं दिसलं की माणूस थांबतो, म्हणतो परत उतरू दे. हातानं भाव टाकायची सोय चांगल्या प्लगिनांत असते, ‘फिक्स्ड प्राइस’ नावानं शोध. तुझी डिझाइनं चाळीस-पन्नास असतील, एका दुपारचं काम आहे.

राउंडिंगचं बघ, दिसायला किरकोळ आहे पण बिलात दिसतं. १,५९९ची जोडी ९०नं भागली की १७.७७ डॉलर, तीन जोड्या ५३.३१. आणि आधी रुपयांची बेरीज ४,७९७ करून मग भागलं तर ५३.३०. एक सेंटचा फरक, पण गेटवेकडं एक आणि बिलावर दुसरं गेलं की काही गेटवे ऑर्डरच नाकारतात. तेव्हा एका नगाचा भाव आधी राउंड कर आणि पुढची सगळी बेरीज त्या राउंड झालेल्या आकड्यावरच. दुसरं, बऱ्याच गेटवेंना रक्कम सगळ्यात लहान एककात द्यावी लागते, २,४०० रुपये म्हणजे २४०००० पैसे. डॉलर, पाउंड, दिरहम यांना पण १००नं गुणायचं, पण जपानी येनला पोटएककच नाही, ५,००० येन हे ५०००च पाठवायचे, तिथं कोडनं १००नं गुणलं तर पाच लाख येनची मागणी जाईल. उलट कुवेत, बहरीन, ओमान यांची चलनं तीन दशांश स्थळांची, तिथं १,०००. आखातात आपली माणसं भरपूर आहेत, हे कधीतरी लागणारच.

आता कॅशिंग, म्हणजे साइट वेगानं उघडावी म्हणून तयार पान साठवून पुढच्यालाही तेच दाखवणं (रोख पैशातली कॅश नव्हे), सगळ्यात जास्त घोळ इथंच होतात. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या मसाल्याच्या साइटवर दुबईतल्या माणसानं पान उघडलं, कॅशनं ते दिरहमवालं पान तसंच साठवलं, आणि नंतर आलेल्या सांगलीच्या बाईंना कांदा-लसूण चटणी १४ ला दिसली. त्यांना वाटलं १४ रुपये. फोनवर समजावून सांगताना दुकानदाराच्या तोंडाला फेस आला. उपाय दोन आहेत. फक्त दाखवायचं असेल तर सर्व्हरवरून पान कायम रुपयातच जाऊ दे, आजचा दर एका छोट्या फाइलमध्ये ठेव आणि रूपांतर गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं कर, म्हणजे कॅशला काही धक्काच नाही. (एपीआयची गुप्त की मात्र जावास्क्रिप्टमध्ये टाकू नको, ती कुणालाही दिसते.) पैसे पण परकीय चलनात घ्यायचे असतील तर चलनाच्या कुकीप्रमाणं (गिऱ्हाईकानं निवडलेलं चलन त्याच्या ब्राउझरमध्ये लक्षात ठेवणारी नोंद) वेगवेगळी कॅश ठेवायला लागते, लाइटस्पीडसारख्या कॅशमध्ये ती सोय आहे. आयपी (गिऱ्हाईकाच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता) बघून देश ओळखणार असशील तर वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये ‘जिओलोकेट विथ पेज कॅशिंग सपोर्ट’ हा पर्याय घे. आणि आयपीनं ठरवलं तरी चलन बदलायचं बटण वर ठसठशीत दिसू दे, व्हीपीएनवाले असतात, चार दिवस गावी आलेले असतात. गूगलचा क्रॉलर, म्हणजे साइटी वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पण बहुतेक वेळा अमेरिकेच्या आयपीवरून येतो, त्याला डॉलर दिसले आणि मर्चंट सेंटरच्या फीडमध्ये (गूगलला तू दिलेली मालाची यादी) रुपये असले तर भाव जुळत नाही म्हणून तुझा माल तिथून काढून टाकतील.

ब्राउझरमधून आलेली रक्कम सर्व्हरनं कधीही जशीच्या तशी खरी मानायची नाही. कार्टमधला माल बघून सर्व्हरनं रक्कम परत काढायची आणि तीच गेटवेला द्यायची. ऑर्डरसोबत चलन, त्या क्षणाचा दर, परकीय रक्कम आणि रुपयातली रक्कम असं चारही साठव. माप बसलं नाही म्हणून चप्पल परत येणारच, तेव्हा २९ डॉलर घेतले असतील तर २९ डॉलरच परत द्यायचे, आजच्या दरानं रुपये काढून नाही. (मापावरून आठवलं, अमेरिकेच्या गिऱ्हाईकाला पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये विचार, परती बऱ्याच कमी होतील.)

कूपन आणि फ्री शिपिंगच्या मर्यादा तपास. ‘३,००० वर शिपिंग मोफत’ असं असेल आणि प्लगिननं ती मर्यादा बदलली नाही तर डॉलरवाल्याला ३,००० डॉलरची खरेदी करायला लागेल, आणि ‘५०० सूट’ हे कूपन ५०० डॉलरचं होऊन बसेल. जीएसटीचंही तसंच, २२ सप्टेंबर २०२५पासून पादत्राणांना जोडीमागं २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे, ही मर्यादा रुपयात आहे, तुझा टॅक्सचा नियम २९ या आकड्यावर चालला तर सगळाच माल ५ टक्क्यांत बसेल.

चलन आणि माल जाणार कुठं, या दोन गोष्टी एकात मिसळू नको. न्यू जर्सीतला पोरगा डॉलर भरून कोल्हापुरात राजारामपुरीत आईला चप्पल पाठवत असेल तर माल भारताबाहेर गेला नाही, ती निर्यात नाही, जीएसटी लागणार. म्हणून टॅक्स आणि शिपिंग डिलिव्हरीच्या पत्त्यावरून ठरव, चलनावरून नाही. खरी निर्यात असेल तर आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आणि एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) याबद्दल तुमच्या सीएंशी बोलून घे. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून काढली आहे, त्यामुळं तिथं ड्यूटी लागते, ती तुझ्या भावात आहे की गिऱ्हाईकानं भरायची हे चेकआउटवरच लिही, कुरिअरवाला दारात पैसे मागेपर्यंत थांबू नको.

आज एवढं कर, प्लगिनमधलं ते बटण बघ आणि गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये एक ऑर्डर रुपयात, एक डॉलरमध्ये टाक, मग चपलेचं पान, कार्ट, चेकआउट, ईमेल, बिल आणि गेटवेचा डॅशबोर्ड अशा सहा ठिकाणचा आकडा ताडून बघ, मग त्याच ऑर्डरीतनं एका जोडीचा रिफंड टाकून बघ. कुठं फरक दिसला तर प्लगिनचं नाव आणि कॅशिंग कुठलं आहे तेवढं कळव, पुढचं सांगतो.