डोंबिवलीच्या काकांना आधी गाठा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे वडील फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. पोस्टात नोकरी केली, माहीमला सोसायटीत वन रूम किचन घेतलं. २०११ साली त्यांनी फुलस्केप कागदावर स्वतःच्या हाताने मराठीत मृत्युपत्र लिहिलं. घर मला, बँकेतल्या ठेवी धाकट्या भावाला, आईच्या पाटल्या बहिणीला, आणि आईने हयात असेपर्यंत याच घरात राहायचं. शेवटी लिहिलंय, ‘माझ्या मागे सगळी व्यवस्था थोरलीने पाहावी.’ ती थोरली मी. आई, भाऊ, बहीण, कुणाचीच हरकत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणा. शेजारचे म्हणतात कायदा बदलला, आता प्रोबेट लागत नाही. साक्षीदार दोन होते. आमचे फॅमिली डॉक्टर, ते वारले. दुसरे वडिलांचे पोस्टातले स्नेही, आता ८४ वर्षांचे, डोंबिवलीला मुलाकडे असतात. भांडण नाही, तर कोर्टात सिद्ध तरी काय करायचं? – एक वाचक, माहीम

उत्तर : तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती हायकोर्टाची नाही, डोंबिवलीची. येत्या रविवारी काकांकडे जा. बाकीचं थांबू शकतं, ८४ वर्षांचा साक्षीदार थांबेलच असं नाही.

भांडण नाही म्हणजे सिद्ध करायला काही नाही, हा समज माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा असतो. पण ज्याने मृत्युपत्र लिहिलं तो स्वतः येऊन ‘हो, ही माझी सही’ म्हणू शकत नाही. म्हणून कुणी हरकत घेवो न घेवो, कोर्ट स्वतःची खात्री करून घेतं. त्यासाठी मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एकाने, तो हयात आणि सांगण्याच्या स्थितीत असेल तर, शपथेवर सांगायला हवं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ झालं, नियम तोच. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असतं तरी यातून सुटका नव्हती. ‘रजिस्टर आहे, आता काय चिंता’ म्हणणाऱ्यांना मी हे दर महिन्याला सांगते.

वाद नसेल तेव्हा साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही, शपथपत्र पुरतं. काकांना जिने चढवत नसतील तर नोटरी घरी येतो. पण त्या शपथपत्रात काय लिहिलं जातं, तिथे गोम असते. टायपिस्टकडे तयार मसुदा असतो: ‘मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर व दुसऱ्या साक्षीदारासमोर सही केली.’ काका वाचत नाहीत, सही करून टाकतात. आता समजा तुमच्या वडिलांनी सही घरीच केली होती आणि नंतर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना आणि काकांना कागद दाखवून ‘ही माझी सही, तुम्ही साक्ष घाला’ म्हटलं. तर ते वाक्य खोटं ठरतं, आणि विनाकारण. कारण वारसा कायद्याच्या कलम ६३ ला तेही चालतं: एक तर साक्षीदाराने सही होताना पाहावी, किंवा करणाऱ्याने आपल्या तोंडाने ‘ही माझी सही’ असं कबूल करावं. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असंही नाही. फक्त प्रत्येक साक्षीदाराने स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या देखत केलेली हवी.

म्हणून काकांना पढवू नका. चहा घ्या, मूळ कागद त्यांच्या हातात द्या (मोतीबिंदू असेल तर भिंग घेऊन जा) आणि विचारा, ‘काका, त्या दिवशी काय झालं?’ ते जसं सांगतील तसं वकिलाकडून लिहून घ्या. वडील शुद्धीत होते, कुणाच्या दबावाखाली नव्हते, हे त्यांच्या शब्दांत यावं. कागदावर कुठे खाडाखोड असेल तर ती सह्यांच्या आधीची की नंतरची, तेही विचारा. नंतरची असेल आणि तिच्याजवळ सह्या नसतील तर ती बाद धरली जाते. शपथपत्र इंग्रजीत टाइप होईल, तेव्हा ते काकांना मराठीत समजावून सांगितल्याची नोंद खाली हवीच.

घाई का करते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी गिरगावातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं. तिथेही तिघं भावंडं, तिघांचं एकमत. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू,’ असं ठरवून ते थांबले. तेवढ्यात उरलेला एकुलता साक्षीदार गेला. मग कायद्याची दुसरी वाट धरावी लागली: एकही साक्षीदार मिळत नसेल तर निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखीच्या माणसाकडून सिद्ध करायची. त्यांच्या मृत्युपत्रावरही पहिली साक्ष एका डॉक्टरचीच होती. डॉक्टर कधीचे गेलेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान. शेवटी त्यांचा जुना कंपाउंडर सापडला. त्याने सही पाहिली आणि हसला. ‘मॅडम, हा र बघा. असा शेपटीवाला र डॉक्टरसाहेबांशिवाय कुणाला येत नव्हता. बावीस वर्षं या रवरून मी गोळ्या दिल्यात.’ काम झालं, पण त्या माणसाला शोधण्यात पावसाळा गेला. तुमच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या घरात असतील तर जपून ठेवा. काकांचं शपथपत्र झालं तर त्या लागणार नाहीत.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे, अर्धं. १९२५ च्या वारसा कायद्यातल्या कलम २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांनी मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय त्यावर कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. चेन्नईलाही तसंच, कोलकात्याकडेही तसंच, कंपनी सरकारच्या जुन्या शहरांचा तो वारसा. मुलुंडच्या माणसाला प्रोबेट हवं आणि चेकनाक्यापलीकडे ठाण्यातल्याला नको, असा तो कारभार. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. सक्ती गेली. प्रोबेट देण्याची कोर्टाची सोय मात्र गेली नाही.

मग घ्यायचं का? माझं मत विचाराल तर घ्या. सेक्रेटरींना कायदा बदलल्याचं लेखी कळवून पाहा, ते मान्य करतीलही. पण उद्या तुम्ही घर विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याची बँक कागद मागेल, आणि घरचं मृत्युपत्र म्हणजे तिच्या दृष्टीने नुसता फुलस्केप. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, जो सगळ्यांवर बंधनकारक असतो. मालकीचा वाद त्यात सुटत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि ज्या काकांच्या शब्दावर ते मिळणार, ते आज आहेत.

तुमच्या वडिलांच्या मृत्युपत्रात ‘एक्झिक्युटर’ (मृत्युपत्र अमलात आणणारा) हा शब्द नाही म्हणून घाबरू नका. प्रोबेट एक्झिक्युटरलाच मिळतं हे खरं, पण त्याची नेमणूक आशयातूनही होऊ शकते. ‘सगळी व्यवस्था थोरलीने पाहावी’ यातून तुम्हीच एक्झिक्युटर, असं तुमच्या वकिलांनी मांडावं. कोर्टाच्या ऑफिसने ते मानलं नाही तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागता येतात. साक्षीदाराचं शपथपत्र दोन्हीकडे लागतंच.

अर्ज मुंबई हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांच्या) विभागात जातो, सिटी सिव्हिल कोर्टात नाही. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ मृत्युपत्र, ते मराठीत असल्यामुळे त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर, मालमत्तेचं आणि देण्यांचं परिशिष्ट. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर बसते, तिला वरची मर्यादा आहे. आई, भाऊ, बहीण, तिघांचीही नावं अर्जात वारस म्हणून हवीत, कुणाला काही मिळो न मिळो. त्यांनी संमतीची शपथपत्रं दिली की त्यांच्यावर सायटेशन (कोर्टाची नोटीस) बजावण्याची धावपळ वाचते. तीन वर्षं उलटून गेल्यावर अर्ज केलात तर उशिराचं कारण लिहावं लागेल. तुम्हाला फेब्रुवारी २०२७ पर्यंत अवकाश आहे, पण मी काय म्हणते ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मूळ मृत्युपत्र एकदा जमा केलं की परत मिळत नाही, ते कोर्टाच्याच ताब्यात राहतं. आधी दोन-तीन रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. आणि कृपा करून ते लॅमिनेट करू नका. एका अशिलाने मोठ्या प्रेमाने केलं होतं, वर अत्तराचा वास. काउंटरवरच्या बाईंनी आधी त्या कागदाकडे आणि मग माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

राहता राहिल्या पाटल्या. त्या आईच्या असतील तर ते तिचं स्त्रीधन. वडिलांना त्या मृत्युपत्रात कुणालाच देता येत नाहीत. परिशिष्टात धरू नका. आईला वाटेल तेव्हा तिने स्वतःच्या हाताने लेकीच्या हातात घालाव्यात. बहिणीला हे आधीच सांगा, संमतीच्या शपथपत्रावर सही करायला बसल्यावर नको.