'अवघा रंग' आणि त्याची शेवटची ओळ

प्रिय रेवा,

रविवारी गाडीत 'अवघा रंग' लिहिणाऱ्या सोयराबाईबद्दल तू विचारलंस ते मी हसण्यावारी नेलं, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. "मी-तूपण गेलं म्हणते, मग शेवटी स्वतःची जात का सांगते? आणि आई, हे गाणारे आपण कोण?" पहिल्या प्रश्नावर काहीतरी बोलता आलं असतं. दुसरा लागला.

'अवघा रंग एक झाला' हा तिचा अभंग किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात मी बऱ्याच उशिरा ऐकलं. त्याआधी ते नायगावच्या चाळीतलं भजन होतं. एकादशीच्या रात्री गॅलरीत सतरंजी पडायची. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक आमच्या घरून जायची. नाना एक थाप मारायचे, मान हलवायचे, चिमूटभर कणीक काढायचे, परत थाप. आवाज मनासारखा लागेपर्यंत मला पेंग यायची. शेवटी भैरवीत हा अभंग. "म्हणे चोखियाची महारी" ही शेवटची ओळ येईस्तोवर टाळ इतके चढलेले असायचे की ती ओळ कुणाच्या कानावर पडतच नसे. आजी तर एकटी गुणगुणतानाही त्याआधीच थांबायची. का, ते तिला कधी कुणी विचारलं नाही.

त्याच आजीने संडास धुवायला येणाऱ्या बाईंसाठी कान तुटलेला कप मोरीच्या खिडकीत ठेवला होता. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळायचा. आजी दुष्ट नव्हती गं. त्या बाईंच्या लेकीच्या बाळंतपणात तिने डबाभर डिंकाचे लाडू दिले होते. तरी कप वेगळा तो वेगळाच. तुला ते लाडू आठवतात, म्हणून हे लिहिताना जीवावर येतंय.

सोयराबाई चौदाव्या शतकातली, चोखोबांची बायको. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळाचं दार त्या दोघांना बंद. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. ते दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, म्हणजे बघ किती शतकं गेली. मग "पाहतां पंढरीचा राया" म्हणणाऱ्या बाईने तो राया पाहिला कुठून? मला वाटतं, म्हणूनच ती शेवटी आपण कोण ते सांगते. दार ज्याच्या हातात आहे त्याचं "भेद नाही" म्हणायला काय जातं? दाराबाहेरच्या बाईने ते म्हणायला छाती लागते. "देहासी विटाळ म्हणती सकळ" असं म्हणून वाद घालणारी बाई होती ती, भोळीभाबडी मुळीच नव्हे.

पण हे सगळं टोरांटोत बसून, कप वेगळा ठेवणाऱ्या घरातली मुलगी सांगतेय, हेही आहेच. आषाढीला आम्ही वडाळ्याच्या विठोबाला चालत जायचो. पलीकडच्या चाळीतली माझी मैत्रीण ६ डिसेंबरला घरच्यांबरोबर चैत्यभूमीला जायची. १९५६ च्या धर्मांतरानंतर तिच्या आजोबांनी टाळ माळ्यावर टाकले ते परत काढलेच नाहीत. ती म्हणायची, "एवढं एकरूप होऊनही जात चिकटलेलीच राहिली, हाच तुमच्या अभंगाचा अर्थ." तिला खोटं पाडायला माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही.

तरी मी गाते. "मी तूंपण" पाशी खरंच आत काहीतरी सैल होतं. ती भक्ती की नुसती नायगावची ओढ, देव जाणे. (बाबा म्हणतो, ओढच. त्याला सूर कळत नाही, सोडून दे.)

मंडळाच्या दिवाळीत गायचं की नाही ते तूच ठरव, माझा आग्रह नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो मनावर घेऊ नकोस. गायलीस तर शेवटच्या ओळीसकट गा. नसेल गायचं तर मी काकूंना सांगेन. फक्त गुरुवारपर्यंत कळव, त्यांना कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची आहे.

आई