अर्थ नाही, की राम नाही?

"मुलगा म्हणतो जगण्याला काही अर्थच नाही. हे नैराश्य समजायचं का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्यावर डोंबिवलीच्या एका तरुणाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील अचानक गेले. भेटायला येणारा जो तो म्हणे, "देवाच्या मनात काहीतरी असेल." या वाक्याने तो इतका कातावला की आरतीला उभं राहणं सोडलं आणि आल्बेर काम्यू हा फ्रेंच लेखक-विचारवंत वाचायला घेतला. आईचा जीव टांगणीला. तीच त्याला घेऊन आली.

झोप, भूक विचारून झाल्यावर मी सरळच विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" (असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा निव्वळ गैरसमज.) तो हसला. "मॅडम, काम्यू तिथूनच सुरू करतो."

खरं आहे. दरवेळी घरंगळणारा दगड पुन्हा डोंगरावर ढकलणाऱ्या, ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरचं त्याचं १९४२ सालचं पुस्तक आत्महत्येच्याच प्रश्नाने उघडतं, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. पण ते काम्यूचं उत्तर. मला याचं हवं होतं. पुन्हा विचारलं. "नाही वाटत," तो म्हणाला.

"मग अर्थ नाही म्हणतोस, की राम नाही?"

जरा थांबला. "राम आहे की. रविवारी कॅरम असतो. बाबांच्या जास्वंदीवर पांढरा मावा पडतो, साबणाच्या पाण्याने धुतो. आठवड्यात परत हजर!" हे सांगताना चेहरा खुलला होता.

माझी पारख इथेच असते. अर्थ नाही, हा विचार झाला. त्यावर मी वाद घालत नाही. पण आवडीच्या गोष्टीतही दोन आठवडे राम वाटेनासा झाला, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

एका बाबतीत मात्र मी त्याला टोकलं. बहिणीचे फोन तो घेत नव्हता. म्हणे, "काय फरक पडतो?" म्हटलं, तुझा काम्यू जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये जीव धोक्यात घालून भूमिगत वृत्तपत्र चालवत होता. फरक पडत नाही असं मानणाऱ्याचं ते काम नव्हे. तू फक्त फोन टाळतोयस, त्याला तत्त्वज्ञान म्हणू नकोस. गप्प बसला. रागावलाही असावा.

फोन आता घेतो. आरतीला अजून येत नाही. गणपतीसाठी जास्वंद मात्र तोच तोडून देतो, आईने दोनदा हाक मारल्यावर, कुरकुरत.