पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरहून निजामाच्या राज्यात शिरलेली रणगाड्यांची डिव्हिजन कोणती? पुढे तिचं काय झालं?

ती पहिली आर्मर्ड डिव्हिजन. मराठवाड्यातला असल्यामुळे मला हा विषय जवळचा. कागदोपत्री ती ‘पोलीस कारवाई’ होती खरी, पण पोलीस काही रणगाडे घेऊन फिरत नाहीत.

डिव्हिजन उभी राहिली १९४० मध्ये, इंग्रजांच्या काळात. पुढे तिला ३१ हा क्रमांक मिळाला. महायुद्धात तिच्या वाट्याला लढाई कमी आणि वाट बघणं जास्त आलं. जर्मन कॉकेशसमधून खाली उतरले तर तेलविहिरी वाचवायच्या, म्हणून तिला इराक-इराणकडे ठेवलं, आणि जर्मन तिथवर पोचलेच नाहीत. तिच्यातली तिसरी मोटर ब्रिगेड, म्हणजे गाड्यांवरची फौज, मात्र लिबियात लढली. २७ मे १९४२ ला बीर हकीमजवळ इटालियन रणगाड्यांनी तिला तुडवलं. हिच्याकडे स्वतःचे रणगाडेच नव्हते!

युद्ध संपताना पुन्हा ‘पहिली’ हे नाव मिळालं. फाळणीत रिसाल्यांची वाटणी झाली.

१३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली तिच्या तुकड्या सोलापूर-हैदराबाद रस्त्याने निघाल्या. पहिला अडसर नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल. तो उडवला गेला असता तर सगळा ताफा पावसाळ्यात अलीकडेच अडकला असता. दुसऱ्या शीख पलटणीने तो शाबूत ताब्यात घेतला आणि मग उमरग्याकडे वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामाने हात टेकले. १८ ला त्याचे सेनापती अल इद्रुस चौधरींपुढे शरण आले.

याच अल इद्रुसांच्या फौजेत अर्देशीर तारापोर नावाचा मुंबईत जन्मलेला, पुण्यात शिकलेला पारशी अधिकारी होता. विलीनीकरणानंतर तो पूना हॉर्समध्ये आला, आणि १९६५ मध्ये त्याच पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनमधून, सेंच्युरियन रणगाड्यांच्या या रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर म्हणून सियालकोट आघाडीवर लढला. तिथलं फिल्लोरा हे पाकिस्तानी गाव ११ सप्टेंबरला आपल्या फौजेच्या हाती पडलं. त्या झुंजीत जखमी होऊनही तारापोर मागे जायला तयार नव्हते. १६ तारखेला बुटुर डोगरांडीच्या लढाईत ते गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. जवळचं चविंडा गाव मात्र शेवटपर्यंत हाती लागलं नाही, हे आपल्याकडचे गौरवलेख सोयीस्करपणे गाळतात. तेव्हा लष्करप्रमुख कोण? तेच चौधरी.

१९७१ मध्ये डिव्हिजन पंजाबात राखीव राहिली, पाकिस्तानच्या रणगाड्यांची वाट बघत. पूना हॉर्स तोवर डिव्हिजनबाहेरच्या वेगळ्या ब्रिगेडमध्ये गेली होती. बसंतर नदीच्या लढाईत अरुण खेत्रपाल याच रेजिमेंटमधून लढले आणि तिला दुसरं परमवीर चक्र मिळालं.

आज तिला ऐरावत डिव्हिजन म्हणतात, मुख्यालय पतियाळाला. एवढ्या लांब जाणं होत नसेल तर नगरचं रणगाडा संग्रहालय बघून या, तिथे पकडून आणलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडाही आहे.