शब्दशंका : अलार्म गेला की वाजला?

प्रश्न : महोदय, मी धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये कारकून आहे. रात्रपाळीच्या नोंदवहीत ‘फायर अलार्म वेन्ट ऑफ’ असे वाचून, यंत्र बंद पडले असावे अशा समजुतीने मी दुरुस्तीवाल्यास बोलावले. प्रत्यक्षात अलार्म मोठ्याने वाजला होता. दिवे बंद होतात तेव्हाही ‘गो ऑफ’च म्हणतात, मग एकाच क्रियापदाचे दोन उलट अर्थ कसे?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : पंख्याच्या बटणावरचा ‘ऑफ’ रोज पाहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे, जरी रुईच्या ढिगाशेजारी हा गैरसमज परवडणारा नसला तरी. आपल्या ‘सुटणे’ या क्रियापदाकडे पाहिले, तर कोडे बरेचसे उलगडते. भुसावळहून गाडी सुटते तेव्हा प्रवास सुरू होतो आणि शाळा सुटते तेव्हा दिवसाचे काम संपते, तरीही आपला कधी गोंधळ होत नाही. कारण काय सुटले, यावरून अर्थ आपोआप ठरतो.

‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘बंद’ नसून ‘दूर, वेगळे’ असा आहे. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे असून जोर देऊन उच्चारलेले रूप ते ‘ऑफ’. स्वतंत्र शब्द म्हणून ती दोन्ही १६०० नंतरच पक्की झाली. बंदुकीचा चाप ओढला की अडकवून ठेवलेला घोडा सुटतो आणि बार उडतो. चावीच्या घड्याळातही ठरल्या वेळी खटका सुटला की गजर होतो. म्हणून बंदूक, फटाका, अलार्म अशा दबा धरून बसलेल्या वस्तू ‘गो ऑफ’ झाल्या की उडतात किंवा वाजतात, तर दिवा, हीटर अशा चालू असलेल्या वस्तू त्या अवस्थेपासून दूर जातात, म्हणजे बंद होतात. ‘द अलार्म वेन्ट ऑफ, सो आय स्विच्ड इट ऑफ’ या वाक्यात पहिल्या ‘ऑफ’ने अलार्म वाजतो आणि दुसऱ्याने गप्प होतो.

आणखी दोन अर्थ मुख्यतः ब्रिटिश वळणाचे आहेत. आपल्याकडच्या मे महिन्यात फ्रिजबाहेर राहिलेले दूध दुपारपर्यंत ‘गो ऑफ’ होते, म्हणजे नासते; अमेरिकी माणूस तेथे बहुधा ‘गो बॅड’ म्हणेल. ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ म्हणजे चहावरून मन उडाले, आणि हे भाषांतर मला मुळाहून सरस वाटते. कार्यक्रम ‘वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे तो नीट पार पडला, एवढेच.

नोंदवहीत यापुढे ‘डिड नॉट गो ऑफ’ असे दिसले, तर अलार्म वाजायला हवा होता पण वाजला नाही, असा अर्थ घ्यावा. दुरुस्तीवाल्यास बोलवायचे ते तेव्हा.