‘अपडेट झाला आणि फोन माझा राहिला नाही’

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींकडून मी एक तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की, समोरची व्यक्ती पहिले वाक्य बोलू लागली की पुढचे मला कळते. रात्री झोपताना फोन हाताच्या सवयीचा होता. सकाळी उठल्यावर तोच फोन, त्याच हातात, वेगळेच काही बोलू लागला. या तक्रारीच्या पोटात एक भीती असते आणि ती फोनविषयी नसते. ‘आता मला नवे काही जमणार नाही, यापुढे प्रत्येक गोष्टीसाठी कोणाचे तरी तोंड पाहावे लागेल,’ ही ती भीती. घरचे लोक तिला वयाचा परिणाम म्हणतात किंवा हट्ट म्हणतात. ती या दोन्हींपैकी काहीच नाही, हे मला ज्यांच्यामुळे नीट समजले, त्या गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

डोळस वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण हवे. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो आणि वापरणारा ठरावीक खुणांनी त्याला पुढे-मागे नेतो. खुणा म्हणजे बोट कोणत्या दिशेने सरकवायचे, किती बोटांनी टिचकी मारायची, याची भाषा. डोळस माणसाच्या फोनवर एखादे चिन्ह डावीकडून उजवीकडे गेले तर त्याची नजर क्षणभर भिरभिरते आणि ते शोधते. दृष्टिहीन माणसाच्या फोनवर खूण बदलली तर शोधायला काही उरतच नाही, कारण शोधण्याचे साधनच बदललेले असते. आयफोनमध्ये 2009 साली व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आला. तेव्हापासून अशी स्थित्यंतरे अनेकदा झाली. 2017 च्या आयफोन टेनमधून होमचे बटन गेले. जे बटन बोटाला जाणवत असे, त्याच्या जागी पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट वर नेण्याची खूण आली. 2021 च्या सुरुवातीस टॉकबॅकच्या 9.1 आवृत्तीत वाचनाच्या खुणांची फेरमांडणी झाली. पूर्वी एक बोट वर किंवा खाली सरकवले की वाचनाचे माप बदलत असे, म्हणजे अक्षर, शब्द किंवा ओळ निवडली जाई, आणि मग उजवीकडे बोट सरकवून त्या मापाने पुढे जाता येई. नव्या मांडणीत माप बदलण्याचे काम तीन बोटांकडे गेले आणि एका बोटाने वर-खाली सरकवणे हे त्या मापाने वाचण्यासाठी राहिले. नवी मांडणी विचारपूर्वक केलेली होती आणि नव्याने शिकणाऱ्याला ती सोपीही आहे. मात्र ज्याच्या हातात जुनी मांडणी मुरलेली होती, त्याची प्रत्येक सराईत हालचाल आता चुकीच्या जागी पडू लागली.

माझ्याकडे आलेले गृहस्थ जन्मापासून दृष्टिहीन, वय 56, व्यवसायाने हार्मोनियमचे शिक्षक. त्यांना मी ‘सर’ म्हणत असे, येथेही तेच म्हणते. जुना फोन बंद पडल्याने मुलाने त्यांना नवा आणून दिला होता आणि त्यातला स्क्रीन रीडर नव्या मांडणीचा होता. सर मुलासोबत आले आणि बोलला तो मुलगाच. ‘बाबा फोनला हातच लावत नाहीत. मी म्हणतो, द्या इकडे, मी करून देतो, तर चिडतात.’ मी मुलाला बाहेर बसायला सांगितले.

पहिल्या भेटीत माझे निदान चुकले. मला वाटले, हे नव्या यंत्राचे दडपण आहे. सर पूर्वी नोकियाचा कळांचा फोन वापरत. त्यात सिंबियन प्रणालीवर चालणारा टॉक्स नावाचा वाचक, म्हणजे स्क्रीन रीडर, होता. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीकडे वळण्याचे जाहीर केले. सुरुवातीच्या विंडोज फोनमध्ये स्क्रीन रीडर नव्हता, त्यामुळे सरांसारख्या कित्येकांना कळा सोडून सपाट काचेकडे जावे लागले. मी सरांना म्हणाले, ‘तो बदल याहून किती मोठा होता. तो तुम्ही पार केलात.’

‘तेव्हा मी चाळिशीत होतो, ताई,’ ते म्हणाले आणि गप्प झाले. माझा मुद्दा तर्काला धरून होता, तरी तो त्यांना लागू पडला नाही, कारण त्यांचे दुःख कुठे आहे हे मी विचारलेच नव्हते.

ते कळले तिसऱ्या भेटीत. विजेचे बिल भरताना बँकेकडून सहा आकडी ओटीपी आला. फोनने तो सलग, लाखांच्या संख्येसारखा वाचला. एकेक अंक ऐकण्यासाठी सरांनी सवयीने बोट वर सरकवले. माप बदलले नाही, फोन दुसरेच काही वाचू लागला. असे तीनदा झाले आणि ओटीपीची मुदत संपली. शेवटी शिकवणीला आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी आकडे वाचायला सांगितले. ‘त्याने वाचले आणि विचारलं, सर, तुम्हाला नाही येत? ज्याला मी सा लावायला शिकवतो, तो मला विचारतो.’ त्या दिवसापासून त्यांनी बँकेचे सगळे काम मुलावर सोपवले होते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीचा माझ्या कामावर खोल संस्कार आहे. घटना माणसाला जितकी दुखवते त्याहून अधिक त्याने त्या घटनेला लावलेला अर्थ दुखवतो, हे मी शेकडो जणांच्या बाबतीत पडताळले आहे. सरांच्या बोलण्यात दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले होते. ‘हे न सांगता बदलायला नको होते’ ही न्याय्य तक्रार होती. ‘मला जमत नाही, म्हणजे मी परत परावलंबी झालो’ हा स्वतःवर काढलेला निकाल होता. तक्रार खरी असल्यामुळे तिच्या आधाराने निकालही खरा वाटू लागतो, ही गाठ मी पूर्वी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. दृष्टिहीन व्यक्तीला ‘तुमचा त्रास तुमच्या विचारात आहे’ असे सरसकट सांगणे अन्यायाचे आहे, कारण तिच्या त्रासाचा मोठा भाग खरोखरच बाहेर असतो. आधी तो बाहेरचा भाग प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो. तरच आतल्या भागाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो.

चौथ्या भेटीत मी फोनचा विषय काढलाच नाही. मी विचारले, ‘सर, पांढरी एक या पट्टीत गाणारा विद्यार्थी उठला आणि काळी तीनमध्ये गाणारा बसला, तर तुमच्या हाताचं काय होतं?’

‘हात सरकतो. त्यात काय?’

‘नुसता सरकतो?’

‘नाही, बोटांची ठेवण बदलते.’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. ‘भूप राग घ्या. पांढरी एकमधून वाजवला तर सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तोच काळी तीनमधून वाजवा, सगळे काळ्यांवर. एकसुद्धा पट्टी सामाईक नाही.’

‘मग तेव्हा भूप विसरायला होतो का?’

ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांची बोटे मांडीवर हलत होती. बहुधा खरोखरच भूप वाजत असावा. मीही काही बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकाला बोलण्याचा मोह होतो आणि तो आवरायला मला बरीच वर्षे लागली आहेत. मग ते म्हणाले, ‘ताई, तुमचं म्हणणं कळलं. पण गायक बसला की आधी पट्टी सांगतो. मला कोणी सांगितली?’

‘कोणीच नाही सांगितली. ती चूक तुमची नाही.’

‘आणि नवी पट्टी हातात बसवायला पलटे लागतात. मी पलटे केलेच नाहीत. थेट मैफलीला बसलो आणि बेसूर झालो.’

हे वाक्य माझे नव्हते, त्यांचे होते, आणि म्हणूनच ते टिकले. त्यांच्या बोटांतून गेली होती ती हाताची एक बैठक. शिकण्याची क्षमता जागच्या जागी होती. ओटीपीच्या घाईत, मुदत संपत असताना, विद्यार्थ्यासमोर कोणी नवी बैठक शिकत नाही. टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या दोहोंच्या सेटिंगमध्ये खुणांचा सराव करण्याची सोय आहे. तेथे कोणतीही खूण केली तरी फोनमध्ये काहीही घडत नाही. त्या खुणेचे काम काय, एवढेच तो बोलून सांगतो. सरांनी पहाटेच्या रियाजानंतर रोज वीस मिनिटे हा सराव केला. दोन आठवड्यांनी त्यांनी मला फोन करून एका जुन्या ओटीपीचे सहा अंक एकेक करून ऐकवले. त्या आकड्यांचा आता काही उपयोग नव्हता, पण तो फोन मी आजही विसरलेले नाही.

अशाच अडचणीत असलेल्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. आपोआप अपडेट होण्याची सोय बंद ठेवावी आणि अपडेट स्वतः ठरवलेल्या दिवशी करावे, ज्या दिवशी पैसे भरायचे नाहीत, परीक्षा नाही, प्रवास नाही. सुरक्षेच्या दृष्टीने अपडेट महिनोन्‌महिने टाळू नये. तरी काही दिवस थांबून, आधी केलेल्या मित्रांचा अनुभव ऐकण्यात शहाणपण आहे. बऱ्याच खुणा सेटिंगमधून पुन्हा आपल्या सवयीप्रमाणे नेमता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्रॉइडवर आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र दाबून ठेवल्या की वाचक चालू-बंद करण्याची सोय असते. ती आधीच सुरू करून तपासून ठेवावी, म्हणजे वाचक अचानक मुका झाला तर कोणाला हाक मारावी लागत नाही. शिवाय महत्त्वाच्या कामासाठी दुसरी वाट हवी. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत वाचक शिकून घेतलेला माणूस फोन बिघडला तरी अडून बसत नाही.

सर एकदा रागाने म्हणाले होते की, हे सगळे डोळस लोक ठरवतात. हे पूर्णपणे खरे नाही. अँड्रॉइडवरील बोलक्या साधनांची पायाभरणी ज्या आयज-फ्री प्रकल्पात झाली, त्यातले एक प्रमुख संशोधक टी. व्ही. रमण हे पुण्यात जन्मलेले आणि स्वतः दृष्टिहीन आहेत. तक्रार करताना समोर शत्रू आहे असे गृहीत धरले की पत्र लिहिलेच जात नाही, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते.

आणि तक्रार तर केलीच पाहिजे. सरावाने खुणांचा प्रश्न सुटला, पण सरांच्या बँकेच्या ॲपमध्ये तीन बटने नुसती ‘बटन, बटन, बटन’ अशीच वाचली जात. त्यांना नावेच दिलेली नव्हती. हे कोणत्याही रियाजाने सुटणारे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. सरांनी कोणत्या पडद्यावर कोणते बटन काय बोलते, हे नेमके लिहून बँकेला पाठवले. दोन बटनांना नावे मिळाली. तिसऱ्यासाठी त्यांनी पुन्हा पत्र लिहिले आहे.

घरच्यांसाठी माझी एकच कळकळीची विनंती आहे. फोन हातातून घेऊ नका. पडद्यावर काय दिसते ते सांगा, बोट मात्र त्यांचेच फिरू द्या. ‘द्या इकडे’ या दोन शब्दांनी काम लवकर होते आणि माणूस मागे सरतो. सरांच्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याला वाईट वाटले, कारण तो प्रेमानेच करत होता. आता तो शेजारी बसून वाचून दाखवतो आणि वेळ लागला तर लागू देतो.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. फोनने रात्री अपडेटसाठी विचारले होते आणि त्यांनी ‘नंतर’ निवडले होते. ‘रविवारी शिकवणीला सुट्टी आहे, ताई. सकाळी करीन,’ ते म्हणाले. ‘मुलाला सांगितलंय, त्या दिवशी बिलं तू भर.’